दिव्यामागची बाई

शूटिंगकाकांनी उभं आयुष्य लोकांची लग्नं टिपली. खांद्यावर कॅमेरा त्यांचा, आणि हॅलोजनचा दिवा धरायला बायको. तापलेला तो दिवा हातात घेऊन ती गर्दीत अशी शिरायची की नवरदेवाचे मित्रसुद्धा मुकाट बाजूला व्हायचे. मुलगी चालायलाही लागली नव्हती, तेव्हा हृदयाच्या दुखण्याने ती गेली. दिवा धरणारी बाई चित्रात येणार कशी? मागे उरले ते चार फोटो, तेही ताठ बसून काढलेले.

मुलीला काकांनी एकट्याने वाढवलं. शूटिंगचं काम आटलं, तसं दुकानाच्या मागच्या खोलीत ते लोकांच्या जुन्या कॅसेट डिस्कवर उतरवून देऊ लागले.

एकदा ओळखीची टेलरबाई एक कॅसेट घेऊन आली. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न. काकांनीच केलेलं शूटिंग.

"यात शेवटी वडील दोन शब्द बोललेत. तेवढं मिळालं तरी पुरे," ती म्हणाली.

टेपवर पांढरी बुरशी धरली होती. काकांनी ती मऊ कापडाने पुसली, व्हीसीआरचं हेड स्पिरिटने साफ केलं. तरी चित्र फाटायचं, आणि फाटलं की कॉम्प्युटर रेकॉर्डिंग सोडून द्यायचा. शेवटी माळ्यावरचा जुना डिस्क रेकॉर्डर त्यांनी मध्ये जोडला. त्यातून गेल्यावर सिग्नल जरा स्थिरावला. बघू तर खरं, म्हणून त्यांनी कॅसेट पहिल्यापासून लावली.

पडद्यावर रिकामा हॉल आला. मग एक पांढरा कागद. रंग नीट लागावेत म्हणून शूटिंगआधी कॅमेऱ्यासमोर असा कागद धरावा लागे. कागद खाली आला आणि मागे बायको उभी होती.

"झालं का हो? हात भरून आले माझे," ती म्हणाली. तेवढ्यात चित्र फाटलं.

काका खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. रेकॉर्डिंगचं बटण दाबलेलंच नव्हतं. हात मागे गुंडाळायच्या बटणावर गेला आणि तिथेच थबकला. टेपच्या त्या तुकड्यावरचा थर सुटत होता. तोच पुन्हा घासला, तर टेप तुटायची भीती. आणि पुढे टेलरबाईचे वडील होते.

त्यांनी हेड पुन्हा पुसलं आणि आधी टेलरबाईचं काम हातात घेतलं. वडील बोलताना ओठ आणि आवाज जुळेनात. काकांनी आवाज मागेपुढे सरकवत सगळं भाषण जुळवून घेतलं. निरोप मिळताच आलेली टेलरबाई ते पाहून पदराने डोळे टिपत राहिली.

मग काकांनी तिला सुरुवातीच्या तुकड्याबद्दल सांगितलं.

"अहो, मग थांबलात कशाला?" ती म्हणाली. "तुटली तर तुटू दे. माझं मला मिळालं."

काकांनी मुलीला शाळेतून बोलावून घेतलं. ती शाळेत शिक्षिका होती. रेकॉर्डिंग सुरू करून, दोनदा तपासून, त्यांनी कॅसेट लावली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्यांनी दुसरा व्हीसीआर लावून पाहिला, ट्रॅकिंगचा स्क्रू फिरवून पाहिला. चित्र गेलं ते गेलंच. पण आवाजाची पट्टी टेपच्या काठाला असते, ती शाबूत होती.

"झालं का हो? हात भरून आले माझे."

त्यापाठोपाठ काकांचा तरणा आवाज आला, "धर गं जरा, आलोच." मग ती हसली, आणि पुढे खरखर.

मुलीने आईचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. तिने तो पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा.

"अहो-जाहो करायची तुम्हाला?"

"चारचौघांत. घरी नाही."

"दिसत कशी होती, बाबा? आत्ता पाहिलीत ना तुम्ही?"

"वाळली होती. मला वाटायचं, दगदग आहे कामाची."

"आणि कपडे? अंगावर काय होतं?"

काकांनी आठवायचा प्रयत्न केला. दुपारीच तर पाहिलं होतं सगळं.

"नाही गं लक्ष गेलं," ते म्हणाले. "तोंडाकडेच बघत राहिलो."

मुलीने खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी घेतली, आणि काकांनी आवाज आणखी एकदा लावला.