फौज तिची होती

माझी बायको सुमन लातूरच्या दवाखान्यात वारली. तिला घेऊन देवणीजवळच्या आमच्या फाट्यावर पोचलो, तर गावातल्या पोरांनी फ्लेक्स आधीच टांगलेला. तिचा फोटो आणि खाली ही मोठी अक्षरं, ‘वीरपत्नी सुमनताईंना भावपूर्ण श्रद्धांजली’. मी गाडीत तिच्या पायाशी बसलेलो. म्हणजे वीर कोण, तर मी! चौथी शिकलेला, जन्मभर गाई-बैलं सांभाळलेला माणूस. फौज माझी नव्हती, तिची होती. मिल्ट्रीच्या हॉस्पिटलात नर्स होती, मेजर होऊन रिटायर झाली. दीड महिना झाला, तो फ्लेक्स डोळ्यापुढून हलत न्हाई... म्हणून हे लिहायला बसलो.

पहिल्यांदा दिसली तेव्हा ती सुट्टीवर आमच्या गावात भावाकडं आलेली. आमच्या गाईचं वासरू अडलं होतं आणि माझा हात कोपरापर्यंत आत. गोठ्याच्या दारातून आवाज आला, “आधी हात धुतले होते का?” मी म्हणलं, “गाईला इचारा.” लई हसली. लग्न ठरलं तेव्हा गाव कुजबुजलं, बाई ऑफिसर अन् नवरा गुरं राखणारा. कुजबुजू दे. तिला त्याचं काही नव्हतं. नोकरीबद्दल फार बोलायची न्हाई. एकदा कुणीतरी विचारलं, लढाई पाहिली का हो? ती म्हणाली, “लढाई न्हाई पाहिली. लढाईतून आलेली लेकरं पाहिली. त्यांचे पाय कापताना हात धरलेत मी.” विचारणारा चहा तसाच ठेवून उठला.

पुढं सरकारनं माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ केली. आमचं घर तिच्या पैशाचं, तिच्याच नावावर. इस्त्रीचं लुगडं नेसून ती पंचायतीत गेली, मी मागं. ग्रामसेवक उठला आणि खुर्ची मला दिली. “या फौजीसाहेब!” मी म्हणलं, “फौजी ह्या हायेत.” तर तो हसला. “काकू, नर्स म्हंजे काय फौज असतीय का? असं करू, काकांनाच माजी सैनिक म्हणून टाकू. काम होऊन जाईल, कोण बघायलंय?”

सुमननं तिचं माजी सैनिकाचं कार्ड टेबलावर ठेवलं. त्यानं हात लावला न्हाई. “यांनी फौजेत काय केलं?” ती म्हणाली, “बैल हाकले?” आणि पूर्ण पट्टी भरून बाहेर आली. वाटेत एवढंच बोलली, नोकरी माझी, तर माफी तुमच्या नावानं कशाला... नंतर दरसाल जायची, आधी विचारायची आणि नकार ऐकून भरायची. चार पैशासाठी न्हाई. ह्या गावानं एकदा तोंडानं म्हणावं, की ही बाई सैनिक हाय. म्हणलं न्हाई. मेल्यावर फ्लेक्सवर बक्षीस काय दिलं, तर वीरपत्नी, म्हणजे माझी बायको!

गेल्या आठवड्यात तोच ग्रामसेवक घर माझ्या नावावर करायला आला. “काका, आता तरी टाकू का माजी सैनिक? सारं गाव तुम्हालाच फौजी समजतंय.”

“मला टाकू नका. तिला टाका. पट्टी पूर्ण घ्या, पण मेजर होती असं लिहा.”

“काका, मेलेल्या माणसाचं नाव कमी करतेत. त्यात नवीन काय लिहीत न्हाईत.” असं म्हणत तो तिच्या पलंगावर बसला.

रोज सकाळी ती त्या पलंगाची चादर हॉस्पिटलासारखी ताणायची, कोपरे दुमडून गादीखाली घालायची, एक सुरकुती दिसायची न्हाई. आता मी करतो.

“उठा,” म्हणलं.

“काय झालं काका?”

“उठा! मेजरची जागा हाय ती.”

कागद काखेत मारून तो निघून गेला. मी चादर सगळी काढली, झटकली, पुन्हा अंथरली. डावा कोपरा बसेना. परत उपसली...