गोधडी संपते तो कोपरा

दुपारी दोन ते चार मी घरी एकटी असते. सकाळच्या दोन घरांच्या पोळ्या झालेल्या असतात, संध्याकाळच्या व्हायच्या असतात. मुलीच्या एका जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यांवर लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे वेळ लागतो. पण हे सगळं सलग तोंडाने मला कुणालाच सांगता आलेलं नाही. तिघींना तुकड्यातुकड्याने सांगितलं आणि प्रत्येकीला थोडं कमीच सांगितलं. इथे कमी सांगायचं नाही.

माझं सासर विदर्भातलं, नदीकाठचं गाव. नवरात्राच्या आधी तिथे घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर धुवायला नेतात. एकाच दिवशी दहा-बारा घरच्या गोधड्या वाळूवर पसरलेल्या असतात. जुन्या लुगड्यांच्या त्या, लांबून सगळ्या सारख्याच. मग अदलाबदल होते, त्यावरून भांडणं होतात. म्हणून गोधडी जिथे संपते, शेवटचा टाका जिथे पडतो, त्या कोपऱ्यात शिवणारी बाई आपली खूण ठेवते. कुणी त्रिकोणी ठिगळ लावते, कुणी दोन रंगांचे दोरे, कुणी नुसतीच एक जाड गाठ. एकीची खूण दुसरी लावत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो कुणी मोडलेला मी पाहिला नाही.

माझ्या जाऊबाईंची खूण सगळ्यांत देखणी होती. कापडाच्या चौकोनाला घड्या घालून त्या तीन पानं करत. मधलं पान उलटं मुडपलेलं असे आणि त्याच्या पोटात लाल कापड. वरून ते दिसत नसे. बोटाने पान उचललं की तेवढा लाल रंग दिसायचा. नदीवर आलेल्या बायका ते पान उचलून बघायच्या. हे कुठे शिकल्या विचारलं तर जाऊबाई म्हणत, बसल्या बसल्या सुचलं. मला धावदोरा त्यांनीच शिकवला. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आले तेव्हा मला सुई धरता येत नव्हती. पहिली गोधडी पुरी झाली तेव्हा मी कोपऱ्यात हिरव्या कापडाची फुली लावली. त्यांनी ती लांब धरून पाहिली आणि म्हणाल्या, साधी आहे, पण दुरून दिसते.

पुढे नवऱ्याला पुण्यात कारखान्यात काम लागलं आणि आम्ही कर्वेनगरला आलो. मी पोळ्यांची कामं धरली. त्यातल्या एका काकूंची आई वारली होती. तिच्या मऊ सुती साड्या कपाटात पडून होत्या. काकूंनी विचारलं, तुम्हाला गोधडी शिवता येते का हो? मी मान डोलावली. दोन महिने दुपारी बसून ती शिवली. शेवटच्या कोपऱ्याशी आले तेव्हा फुलीसाठी हिरवा तुकडा कापूनही ठेवला होता. पण काकूंचं घर डोळ्यांपुढे आलं, तो गुळगुळीत पलंग, पांढरे पडदे. त्या घरात माझी फुली दवाखान्याची पट्टी मारल्यासारखी दिसेल असं वाटलं. मी हिरवा तुकडा बाजूला ठेवला आणि तीन पानं केली. लाल कापडही घातलं. पुण्यात कोण ओळखणार आहे, असं स्वतःशी म्हटल्याचं मला पक्कं आठवतं. म्हणजे चुकून झालं नाही.

काकूंनी गोधडी पलंगावर पसरली, हात फिरवत कोपऱ्यापर्यंत आल्या आणि पान उचललं. हे तुमचं स्वतःचं का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. म्हणायला काहीच जड गेलं नाही.

त्यांच्यामुळे आणखी चार घरी मागणी झाली. माझी मुलगी कॉलेजात कॉम्प्युटरचं शिकते. तिने फोनवर माझ्या गोधड्यांचं एक पेज काढलं. गॅलरीत गोधडी पसरून ती फोटो काढायची आणि सगळ्यांत आधी कोपऱ्याचा फोटो टाकायची. बोटाने उचललेलं पान आणि आत लाल. लोकांना तेच आवडायचं. तीन पानांची गोधडी, असंच लोक म्हणू लागले. मी दर वेळी ठरवायची की पुढच्या गोधडीला फुली लावू. पण पुढची बाई आधीच सांगायची, तसंच पान हवं हं.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी मुलीने फोन माझ्यासमोर धरला. मंडईमागच्या बोळात दुकान असलेल्या एका बाईंचं पेज होतं. त्यावर आमचेच फोटो होते. आमच्या गॅलरीतल्या फरशीला दाराजवळ तडा आहे, तो तडासुद्धा फोटोत होता. शिवाय त्या बाईंनी आपल्या नव्या गोधड्यांनाही तीन पानं लावायला सुरुवात केली होती. "आई, सरळ उचललंय हे सगळं," मुलगी म्हणाली.

दोन दिवस ती त्यातच होती. त्यांच्या पेजवरच्या फोटोंचे फोटो काढून ठेवले. आमच्या प्रत्येक फोटोवर आरपार फिकट अक्षरांत पेजचं नाव घातलं, म्हणजे कापून वापरता येणार नाही. इतके मोठे आणि स्वच्छ फोटो टाकायलाच नको होते, असं स्वतःलाच बोलली. मूळ फोटो कोणत्या दिवशी काढले ते फोनमध्ये दिसतं, तोच पुरावा, असंही मला समजावलं. मग तिने त्या बाईंना लिहिलं. उत्तर लगेच आलं. फोटो काढून टाकते, चूक झाली. पण गोधडी ही परंपरा आहे, कोपऱ्यावर कुणाचा शिक्का नसतो.

हे मुलीने वाचून दाखवलं तेव्हा मला राग आला. हे लिहायला लाज वाटते, पण राग खरा होता. कोपऱ्यावर शिक्का असतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

मुलीने ठरवलं की माझा व्हिडिओ करायचा. तोंड दाखवायचं नाही, फक्त हात, आणि पान कसं करतात ते. शेवटी मी एकच वाक्य बोलायचं. मी वाण्याशी बोलावं लागू नये म्हणून यादी लिहून नेणारी बाई. मला वाटलं, जमणार नाही. पण घड्या घातल्या, लाल कापड आत सरकवलं आणि म्हटलं, "हा कोपरा माझा आहे. मीच तो शोधला." पहिल्याच वेळी नीट झालं. आवाज जरासुद्धा थरथरला नाही. मुलगी म्हणाली, बघ, किती छान बोललीस.

तो व्हिडिओ खूप लोकांनी पाहिला. त्या बाईंच्या पेजवर जाऊन लोक त्यांना चोर म्हणू लागले. मग त्यांचा फोन आला. मुलगी समोर उभी होती, तिने फोनचा स्पीकर लावला. बाई शांतपणे बोलत होत्या.

"ताई, फोटोंचं माझं चुकलं, ते काढून टाकले. कोपऱ्याचं तेवढं मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुमचा असेल तर मी उसवते."

त्यांनी विचारलं होतं. मला सांगायची संधी दिली होती. मी मुलीकडे पाहिलं.

"माझाच आहे," मी म्हटलं.

"ठीक आहे. उसवते," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चार-पाच दिवसांनी दुपारी याच वेळेला गावाहून फोन आला. जाऊबाईंना त्यांच्या सुनेने व्हिडिओ दाखवला होता.

"तुहे हात ओळखले म्या," त्या म्हणाल्या.

माझ्या हातात सुई होती, ती मी कापडात खोचून ठेवली.

"मागतलं असतं तं दिलं असतं, अवं. तुले कधी नाही म्हणलं काय म्या?"

त्यांनी मग विचारलं की तिकडे थंडी पडली का. मी म्हटलं, पडली थोडी. त्यांनी फोन ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर मला काही तरी बोलता आलं असतं.

संध्याकाळच्या पोळ्यांना गेले तेव्हा दोन वेळा पोळी करपली. घरी येऊन मुलीला सांगितलं. तिला आधी वाटलं मी उगीच मनाला लावून घेते आहे. मोठ्या आईचं ते आपलंच की, घरातलंच आहे, म्हणाली. जाऊबाईंना ती मोठी आई म्हणते. मी म्हटलं, मग त्या दुकानवाल्या बाई तरी वेगळं काय म्हणत होत्या? मग तिचा चेहरा बदलला. "मी तुझ्यासाठी चारचौघांत भांडले, आई," एवढंच ती म्हणाली. व्हिडिओ तिने लगेच पेजवरून काढून टाकला. का काढला ते मात्र लिहायला तयार होईना. आता लोक आपल्यालाच चोर म्हणतील, असं तिचं म्हणणं. ते खरंच होतं. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही, ताट वाढून घ्यायची आणि आतल्या खोलीत जायची. तिसऱ्या दिवशी तिने तीन ओळी लिहिल्या आणि मला वाचून दाखवल्या. हा कोपरा माझ्या आईने शोधलेला नाही, तिच्या जाऊबाईंचा आहे, त्यांना विचारलं नव्हतं. मी म्हटलं, टाक. खाली लोकांनी काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. तिने वाचलं असणार.

मी जाऊबाईंना स्वतः फोन केला. विचारलं की तुमचं नाव लिहून ते पान लावू का. मला वाटलं होतं त्या हो म्हणतील. खोटं कशाला सांगू, त्यांच्या हो म्हणण्याच्या भरवशावरच फोन केला होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "आता नाही." आवाजात राग नव्हता. "तुही फुली काय वाईट हाय?"

आता त्या दुकानवाल्या बाईंकडे जायचं तेवढं राहिलं होतं. एका रविवारी मंडईपर्यंत गेले. तिथे उगीच कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेतल्या, घरात होती तरी. बोळातून दोनदा पुढे जाऊन मागे आले. दुकान लाकडी जिन्यावरून वर होतं. वर गेले तर बाई जमिनीवर बसून ब्लेडच्या पात्याने टाके उसवत होत्या, मांडीवर गोधडी, शेजारी आणखी तीन घडी करून ठेवलेल्या. मी कोण ते सांगितलं. मग कोपरा जावेचा आहे तेही सांगितलं, आणि फोनवर खोटं बोलले तेही. त्यांनी हातातलं पातं खाली ठेवलं.

"म्हणजे मी तुमचे फोटो उचलले आणि तुम्ही जावेचा कोपरा. आपण दोघी एकाच वर्गातल्या हो."

मी कोथिंबिरीची पिशवी खाली ठेवली.

"मी निदान लवकर कबूल केलं," त्या म्हणाल्या, आणि मग सतरंजीकडे हात करून, "बसा आता. उभ्या किती वेळ राहणार?"

त्यांनी उसवलेला कोपरा मला दाखवला. पानं होती तिथलं कापड बाकीच्यापेक्षा गडद राहिलं होतं आणि सुईची भोकं ओळीने दिसत होती. गिऱ्हाईक हे घेणार नाही, म्हणाल्या. एकदा धुतलं की भोकं बुजतात, मी सांगितलं. मग विचारलं, राहिलेले मी उसवू का? त्यांनी दुसरं पातं दिलं. जाऊबाईंची पानं या बाईंनी माझ्या फोटोवरून बघून केली होती, आणि ती मी उसवत बसले. घड्या बरोबर होत्या, फक्त लाल कापड आत नीट सरकवलेलं नव्हतं. ते फोटोत दिसत नाही. आम्ही फार बोललो नाही. निघताना कोथिंबिरीची एक जुडी त्यांच्याकडे ठेवली. त्यांनी नको म्हटलं नाही.

आता मी फुलीच लावते. मागणी कमी झाली आहे. मुलगी फोटो काढते, पण पूर्वीसारखी कोपऱ्यापासून सुरुवात करत नाही. पूर्ण गोधडीचा लांबून काढते. फोटोवर आरपार नाव अजून घालते.

राहिली ती पुण्यातली पहिली गोधडी. काकूंकडे मी रोज जाते. पलंगाच्या पायथ्याशी ती घडी करून ठेवलेली असते, पानाचा कोपरा वर. कणीक मळताना स्वयंपाकघराच्या दारातून दिसते. मागच्या आठवड्यात हात धुतले आणि काकूंना म्हटलं, तो कोपरा मला उसवून दुसरा लावायचा आहे. त्या म्हणाल्या, का हो, छान आहे की. मी म्हटलं, "ते पान माझं नाही, जावेचं आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं होतं."

काकूंनी चष्मा वर केला.

"मी विचारलं होतं?"

त्यांना आठवतच नव्हतं. मला तो पलंग, तो उजेड, त्यांचं बोट कुठल्या पानाखाली होतं ते सगळं आठवत होतं. त्यांनी चष्मा पुन्हा खाली घेतला. मग म्हणाल्या, उसवायचं तर उसवा, पण आत्ता नको, थंडी आहे, मी रोज पांघरते. थंडी गेली की न्या.

हिरवा तुकडा कापून मी पिशवीत ठेवला आहे. रोज त्यांच्याकडे जाते तेव्हा तो पिशवीतच असतो.