त्याने सांगितलं होतं

जपानमध्ये सेंदाईला मी एका भाषांतर कंपनीत नोकरी करत होते. यंत्रांची माहितीपत्रकं, सुरक्षेच्या सूचना, करारांचे मसुदे, इंग्रजीतून जपानीत आणि जपानीतून इंग्रजीत. काम कंटाळवाणं होतं आणि मला ते आवडायचं, कारण दिवसचे दिवस कोणाशी फारसं बोलावं लागत नसे. दुसऱ्या वर्षी थंडी ओसरत आली होती तेव्हा साहेबांनी बोलावलं. ट्रेनने तासाभरावर असलेल्या एका छोट्या शहरातल्या फुटबॉल क्लबला तीन महिन्यांसाठी दुभाषी हवा होता. खेळाडू ब्राझीलचा होता. त्यांचा पोर्तुगीज बोलणारा दुभाषी पाठीच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेला होता आणि बदली माणूस मिळत नव्हता. पण हा खेळाडू मधली काही वर्षं आखाती देशांत खेळलेला, त्यामुळे त्याला इंग्रजी येत होतं.

"मला फुटबॉलमधलं काही कळत नाही," मी म्हणाले.

"उत्तम. म्हणजे तुम्ही मध्येच स्वतःचं मत घालणार नाही," साहेब म्हणाले.

क्लबमध्ये सगळे मला त्सुयाकु-सान म्हणायचे. त्सुयाकु म्हणजे दुभाषी, आणि सान आपल्या 'जी'सारखं, आदराचं. मला बरं वाटलं. त्या खेळाडूने मात्र पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "इंडिया? मग तू इथे काय करतेस? तुम्ही लोक तर लाकडाच्या फळीने खेळता." तेव्हापासून मी त्याच्यासाठी इंडिया झाले.

तो बत्तीस वर्षांचा होता. पोट किंचित सुटलेलं, डावा गुडघा दोनदा उघडून शिवलेला. क्लबच्या वेबसाइटवर त्याची माहिती होती. सतराव्या वर्षी देशाच्या युवा संघात, एकोणिसाव्या वर्षी युरोपात, आणि मग क्लबांची लांबलचक यादी. वर चार वर्षं एकच नाव, मग दोन वर्षांचं एक, मग एकेका वर्षाची, शेवटी सहा-सहा महिन्यांची. फुटबॉल न कळणाऱ्यालाही त्या यादीवरून समजलं असतं.

त्याचा खेळ मी सरावातच पाहिला. लांबून उंच आलेला चेंडू तो डाव्या पायाने असा उतरवून घ्यायचा, जसा समोरच्याच्या हातातला चहाचा कप घ्यावा. न सांडता. त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेली पोरं जीव तोडून धावत असायची आणि हा उभा असायचा. पण चेंडू त्याच्याकडे आला की सगळी पोरं धावता धावता त्याच्या नजरेकडे बघायची, कारण तो जिकडे बघेल तिकडे थोड्या वेळाने मोकळी जागा तयार होत असे. हे दहा मिनिटं चालायचं. मग तो कमरेवर हात ठेवून जमिनीकडे बघायला लागायचा.

कोच साठीच्या आसपासचे. आधी शाळेत मास्तर होते आणि अजून मास्तरांसारखीच वही घेऊन फिरायचे. दुसऱ्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "त्यांना सांगा, चालायचंच असेल तर बागेत चालावं." मी त्याला सांगितलं, "कोच म्हणतायत, आज थोडा वेग वाढवूया." तो म्हणाला, "या म्हाताऱ्याला विचार, तो स्वतः शेवटचा कधी धावला होता?" मी कोचना सांगितलं, "तुमच्या सूचनेवर ते विचार करतायत." कोचनी मान डोलावली. त्यानेही डोलावली.

ते मी ठरवून केलं नव्हतं. लहानपणी घरात आई आणि आत्या एकाच स्वयंपाकघरात वावरायच्या, पण थेट बोलायच्या नाहीत. "तुझ्या आत्याला सांग", "तुझ्या आईला सांग" असे निरोप माझ्यामार्फत जायचे, आणि मी त्यातलं टोचणारं काढून उरलेलं पोचवायचे. घर शांत राहायचं. क्लबमध्येही महिन्याभरात मॅनेजर-सान म्हणाले, "तुम्ही आल्यापासून वातावरण छान झालंय." मॅनेजर-सान कागदपत्रं आणि करार बघायचे आणि सहसा कोणाची स्तुती करत नसत. त्या दिवशी मी स्टेशनवरच्या दुकानातून स्वतःसाठी केक विकत घेतला.

त्याचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. सराव संपला की गुडघ्यावर बर्फ बांधून तो अर्धा तास टेबलावर पडायचा आणि मला तिथे बसावं लागायचं. तो छताकडे बघत बोलायचा. त्याचा मोठा भाऊ त्याच्याहून चांगला खेळायचा. बूट एकालाच घेणं शक्य होतं, म्हणून भाऊ टायरच्या दुकानात लागला आणि बूट याला मिळाले. याचं नाव झालं, युरोपात घर झालं, गाड्या झाल्या. भाऊ वारला तेव्हा दोन दिवसांवर मोठा सामना होता. हा गेला नाही. सामन्यात त्याने गोल केला आणि सगळ्या स्टेडियमने भावाच्या नावाने घोषणा दिल्या.

"तेव्हा मला वाटलं, हे लोक किती मूर्ख आहेत," तो म्हणाला. "आणि मी किती."

त्यानंतर पिणं. आधी सामन्यानंतर, मग सामन्याआधी. दोन देशांत त्याने सोडून पाहिली. एके ठिकाणी क्लबने पहारेकरी ठेवला होता, तर पहारेकरीच आणून द्यायचा. हे सांगताना तो हसला. मी हसावं का ते मला कळेना.

सोमवारी तो उशिरा यायचा. तोंडात पुदिन्याच्या गोळ्या असायच्या. कारमध्ये शेजारी बसल्यावर पुदिन्याच्या खालचा वासही यायचा. तो सगळ्यांनाच येत असणार. कोणी काही म्हणत नव्हतं आणि मी तर मुळीच म्हणणाऱ्यातली नव्हते.

एका सोमवारी तो आलाच नाही. दुपारी मैदानाच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत झोपलेला सापडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर-सान म्हणाले की त्याने सगळ्या संघासमोर हानसेई करावं. हानसेई म्हणजे आपलं काय चुकलं ते उभं राहून सांगायचं, मान झुकवायची आणि पुढे कसं वागणार ते बोलायचं. शाळेतली मुलं करतात, कंपन्यांचे अध्यक्षही करतात. झालं की प्रकरण मिटतं.

बैठकीच्या खोलीत सव्वीस खेळाडू, कोच, मॅनेजर-सान. तो उभा राहिला, मी त्याच्या शेजारी. त्याच्या हातात कागद नव्हता.

"मी रोज पितो," तो म्हणाला. "सकाळी उठल्यापासून. थांबवायचं तर मला एकट्याला थांबवता येत नाही, मी करून पाहिलंय. मी आजारी आहे. मला डॉक्टर हवा. हाकलायचं असेल तर हाकला, पण आधी डॉक्टर द्या."

मग तो थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

त्याचा करार मी आठवड्यापूर्वीच वाचला होता. त्यात दारूचं कलम होतं. त्यानुसार असं कबूल केलं की करार त्याच दिवशी संपत होता, आणि करार संपला की इथे राहण्याचा परवानाही धोक्यात. हे वाक्य मी आहे तसं बोलले तर खोलीतून बाहेर पडेपर्यंत त्याचं सगळं संपेल, असं मला वाटलं. खरंच वाटलं. शिवाय सव्वीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि असली वाक्यं मी कुठल्याच भाषेत कधी उच्चारली नव्हती.

मी जपानीत म्हणाले, "माझ्यामुळे सर्वांना त्रास झाला, मी दिलगीर आहे. गेले काही दिवस प्रकृती ठीक नव्हती. यापुढे तब्येतीची काळजी घेईन आणि मनापासून मेहनत करेन."

खोली सैल झाली. कोच म्हणाले, "सगळे मिळून मेहनत करूया." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका तरुण गोलरक्षकाच्या डोळ्यांत तर पाणी होतं.

कॉरिडॉरमध्ये त्याने विचारलं, "काय म्हणाले?"

"तुझ्याबरोबर आहेत म्हणाले."

"आणि डॉक्टर?"

"बघतायत," मी म्हणाले.

पुढच्या तीन आठवड्यांबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. तो सकाळी भेटला की विचारायचा, "काही कळलं, इंडिया?" मी म्हणायचे, "अजून नाही." मी घरी येऊन दारूच्या उपचारांची हॉस्पिटलं शोधायचे, पत्ते लिहून ठेवायचे, आणि सकाळी ते पर्समध्येच राहायचे. ते पत्ते द्यायचे म्हणजे डॉक्टर कोणीच बघत नाहीये हे आधी सांगावं लागलं असतं. मग त्याने विचारणं बंद केलं. एका सामन्यात शेवटची पंधरा मिनिटं त्याला उतरवलं. त्याने अर्ध्या मैदानावरून एक पास दिला, त्यावर गोल झाला, पोरं त्याच्या अंगावर पडली. तो त्यांच्याखालून उठला आणि त्याने घड्याळाकडे बघितलं.

त्यानंतर चार दिवस तो सरावाला आला नाही, फोन उचलेना. मॅनेजर-सानांनी मला सकाळी दहाला त्याच्या घरी पाठवलं. दार त्यानेच उघडलं. घर नीटनेटकं होतं, फक्त बाल्कनीत रिकाम्या कॅनच्या पिशव्या कठड्यापर्यंत रचल्या होत्या. इथे कॅनचा कचरा पारदर्शक पिशवीत घालून ठरलेल्या वारी इमारतीखाली ठेवावा लागतो. त्याने एकही खाली नेली नव्हती.

"खाली सगळ्यांना दिसलं असतं," तो म्हणाला. मग खुर्चीवर बसला. "गंमत आहे. क्लबला मी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, आणि शेजाऱ्यांपासून लपवतोय."

मी दारातच उभी होते.

"युरोपात निदान ओरडायचे माझ्यावर," तो म्हणाला. "इथे मी आजारी आहे म्हटलं, तर टाळ्या वाजवल्या."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "चल, अकराला मीटिंग आहे."

मीटिंगला कोच, मॅनेजर-सान आणि आम्ही दोघं. टेबलावर करार संपवण्याचा कागद तयार होता. मॅनेजर-सान म्हणाले, "सही करण्याआधी त्यांना काही सांगायचं आहे का?"

मी विचारलं.

"जे सांगायचं ते त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं," तो म्हणाला. "त्यांनी काही केलं नाही. आता नवीन काय सांगू?"

मी ते जसंच्या तसं जपानीत सांगितलं. का, ते मला माहीत नाही. कदाचित थकले होते. बदलायला दुसरं वाक्य सुचलंच नाही.

कोच गोंधळले. त्यांनी वही उघडून मागची पानं चाळली. "त्या दिवशी? त्या दिवशी तर ते तब्येतीची काळजी घेईन म्हणाले. आम्ही काय करायला हवं होतं?"

आता हे त्याला सांगायचं होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी आधी कोचशी बोलले. म्हणाले, "त्यांनी त्या दिवशी आजारी आहे म्हणून सांगितलं होतं. डॉक्टर मागितला होता. मी ते तुम्हाला सांगितलं नाही." मग तेच त्याला इंग्रजीत सांगितलं. दोन्ही वेळा माझा आवाज इतका बारीक होता की मॅनेजर-सान पुढे वाकले.

कोचनी वही मिटली.

"तीन आठवडे," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

करार संपलाच. तो कागद बदलला नाही. पण मॅनेजर-सानांनी त्याच दिवशी सेंदाईतल्या एका हॉस्पिटलला फोन केला आणि त्याच्या परतीच्या प्रवासाची तारीख डॉक्टर ठरवतील, असं क्लबकडून लिहून घेतलं. माझं कामही तिथेच संपलं. फक्त हॉस्पिटलच्या पहिल्या दिवसासाठी दुसरं कोणी मिळालं नाही. त्याला विचारलं, ही चालेल का. तो म्हणाला, "दुसरं आहे कोण?"

प्रतीक्षा कक्षात आम्ही एक खुर्ची मध्ये सोडून बसलो. मी माफी मागायला लागले तर त्याने हाताने थांबवलं.

"कोच मला जे बोलायचे," तो म्हणाला, "त्यातही तू घोळ घातलास का?"

"हो."

"मग आता खरं सांग. पहिल्यापासून."

मी आठवून आठवून सांगायला लागले. बागेत चालावं, हे सांगितलं. तो फुस्सकन हसला. हा पळू शकत नाही आणि पळायचा प्रयत्नही करत नाही, हे सांगितलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. याच्यामुळे पोरांना वाईट सवयी लागतील, हे सांगितलं. त्याने मान हलवली. मग एका पावसाळी सरावानंतरचं कोचचं बोलणं आठवलं, आणि ते सांगताना मी दोनदा थांबले.

"ते म्हणाले होते, मी तीस वर्षं मुलांना शिकवतोय, पण चेंडू असा समजलेला माणूस मी पाहिलेला नाही. म्हणून याला बघून मला रोज राग येतो."

तो माझ्याकडे वळला. "हे का नाही सांगितलंस?"

"राग येतो, हे कसं सांगायचं ते कळलं नाही. म्हणून सगळंच गाळलं."

तो समोरच्या भिंतीकडे बघत बसला. त्या दिवशी सकाळपासून त्याने घेतली नव्हती. त्याचा नंबर यायला अजून चार जण बाकी होते.

"अजून आहे का?" त्याने विचारलं.

"आहे."

"सांग," तो म्हणाला.