बोहनीचं गिऱ्हाईक

बाजारात भाव करावा तर मीच, असं मी रिटायर होईपर्यंत छाती फुगवून सांगत होतो. बायको ऐकून घ्यायची. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे फुशारक्या ऐकायची तिला सवय होती.

नोकरीची सतरा वर्षं मी वर्ध्याहून सिंदी रेल्वे या गावाला जाणं-येणं केलं. बाजाराच्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं उतरायचो, म्हणजे ऑफिस उघडायच्या आधी बाजार उरकायचा. तेव्हा लोक नुकते बोऱ्या अंथरत असायचे, कोणी सांबाराच्या जुड्यांवर पाणी मारत असायचं. (आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. माझा पुण्याचा साडू अजून विचारतो, इडली कुठाय?) चिंचेखाली एक बाई बसायची. माझ्याच वयाची, अंगानं भक्कम आणि तोंडानं फटकळ.

"काय बाई, कसे देल्ले वांगे?"

"तीस."

"वीस लाव."

"घरी झाड लावा मंग!"

"वीस देतो, नाई तं चाललो."

असं म्हणून मी खरंच चालायला लागायचो. एक पाऊल, दोन पावलं. तिसऱ्याला मागून आवाज यायचा, "या भाऊ, या! सकाऊन सकाऊन काऊन डोकं खाऊन राह्यले?" सतरा वर्षांत मला चौथं पाऊल टाकावं लागलं नाही. मी पिशवी हलवत ऑफिसात जायचो आणि शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना भाव सांगायचो.

सुटीच्या दिवशी, जेवून वगैरे, मी बाकीचे बाजारही पालथे घालायचो. सेलूला केळी, पवनारला धाम नदीच्या पात्रातली डांगरं (म्हणजे खरबुजं), वर्ध्याला तर म्हणाल ते. पण तिथं माझी डाळ काही शिजायची नाही. दहा पावलं गेलो तरी कोणी हाक मारायचं नाही. सेलूचा एक केळीवाला तर मागून ओरडला, "सावकाश जा भाऊ, पुढं चिखल हाय!" मग मी ठरवून टाकलं की सेलूचे लोक अडेल, पवनारचे ताठ, आणि वर्धेकरांना शहराचा माज. माणूस ओळखावा तो सिंदीवाल्यांनी.

पवनारजवळ बायकोचं माहेराकडून आलेलं अर्धा एकर वावर आहे. इतकी वर्षं ते बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याकडं होतं. ती रिटायर झाली आणि म्हणाली, यंदा मी स्वतः करते. मी हसलो. तिचे भाऊ हसले. नालवाडीतल्या आमच्या शेजाऱ्यांनी तर मास्तरणीचा टाइमपास म्हणून नावच ठेवलं. तिनं गावरान काटेरी वांगी लावली. चार महिने रोज सकाळी बस धरून जायची, नखांत माती घेऊन परत यायची. मी त्या चार महिन्यांत तीनदा गेलो, त्यातही दोनदा शेजारच्या वावरात हुरडा होता म्हणून.

पहिल्या तोड्याच्या दोन दिवस आधी ती धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरली आणि पायाला प्लास्टर बसलं. वांगी तर झाडावर थांबणार नव्हती. तोडायला बाया लावल्या. विकायला मी उरलो.

निघताना तिनं मला थांबवलं. "मले पैशाचं नाई. पण ज्याले मी कोण हाय ते मालूम नाई, अशा माणसानं माहे वांगे घरी नेले पायजे. चुंगडीत वापस आले, तं मी समजीन लोकं बरोबर बोलत होते. वावर देऊन टाकीन बटईनं."

"अवं, तू कोणाले सांगून राह्यली?" मी म्हणालो.

वर्ध्याच्या बाजारात बसायची मला लाज वाटत होती. ओळखीचे हजार लोक. म्हणून वांग्यांनी भरलेल्या दोन चुंगड्या ऑटोत टाकल्या आणि सिंदी गाठली. जागा मिळाली ती नेमकी चिंचेखाली, त्या बाईच्या शेजारी. तिच्यापुढं स्वतःच्या वांग्यांचा हा ढीग.

"अगाई! भाऊ, तुमी? आज इकडून, विकायले?"

"हो, इकडून," मी म्हणालो आणि ताठ बसलो.

थोड्या वेळानं एक मफलरवाला आला. माझं पहिलं गिऱ्हाईक. "कसे देल्ले?"

"चाळीस."

"तीस लावा."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. माझ्याशी भाव? मी त्याला खत, पाणी, मजुरी सगळं ऐकवलं आणि शेवटी म्हणालो, "तीसचे पायजे तं घरी झाड लावा!" तो चालायला लागला. एक पाऊल, दोन, तीन. मी आपला तो वळायची वाट बघत बसलो. बसलेल्यानं हाक मारायची असते, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. तो गर्दीत दिसेनासा झाला.

आमच्या अख्ख्या ओळीनं माना वळवल्या. पलीकडचा कांदेवाला म्हणाला, "बोहनीचं गिऱ्हाईक वापस केलं का हो तुमी?" बाईनं कपाळाला हात लावला.

मी म्हटलं, हॅट्, पहिलं गिऱ्हाईक परत गेलं की दिवस वाया जातो, असं काही नसतं. पण तासभर खरंच कोणी घेतलं नाही. लोक यायचे, वांगं उचलायचे, माझं तोंड बघायचे आणि ठेवून द्यायचे. ऊन अंगावर आलं. वांग्यांची चकाकी जायला लागली. प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून वाट बघणारी बायको डोळ्यांपुढं आली आणि मला, खरं सांगतो, रडू यायला लागलं. चार महिने तिचे आणि माती मी एका सकाळी केली.

तेवढ्यात ती बाई उठली. पदर खोचून, फिरून माझ्या समोर येऊन उभी राहिली.

"काय भाऊ, कसे देल्ले वांगे?"

"चाळीस," मी चाचरत म्हणालो.

"वीस लावा. नाई तं चालली."

ओळ खदाखदा हसायला लागली. ती खरंच चालली. एक पाऊल, दोन... मी किंचाळलोच, "या बाई, या! वीस तं वीस!"

ती वळली. बसली. पण वांगी मात्र थट्टेवारी घेतली नाहीत. एकेक उलटसुलट करून, देठ बघून, बोटानं दाबून किलोभर निवडली. स्वतःच्या ढिगात न टाकता पिशवीत घातली. आणि माझ्या हातावर चाळीस ठेवले.

"वीस ठरले न?"

"मजाक केली. आता समजलं का, मी काऊन हाका मारत होती ते? सतरा वर्षं तुमी माह्या बोहनीचं गिऱ्हाईक. कोणाच्याच आधी येऊन उभे. बोहनीचा माणूस रिकाम्या हातानं जाऊ देत नसते, म्हणून तुमी म्हणान तो भाव. धा वाजता आले असते, तं मी मानही वर केली नसती."

सेलूचा केळीवाला आठवला. पवनारही आठवलं. सतरा वर्षांचं राज्य एका मिनिटात खालसा झालं. आधी राग आला.

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"लई खुशीत जात होते तुमी. म्हनलं, राहू द्या."

मीच हसत सुटलो. मग गिऱ्हाईक लागलं ते लागलंच. दुपारी मफलरवाला परत जाताना दिसला. तो पुढं जायच्या आत मी हाक मारली आणि शेवटचे दोन किलो तीसच्या भावानं त्याच्या पिशवीत घातले.

घरी येऊन बायकोसमोर दोन्ही चुंगड्या उलट्या करून झटकल्या. तिनं आत हात घालून पाहिलं. "ओळखीच्यानं नाई न घेतले?"

खोटं बोलता आलं असतं. पण मी सगळं सांगितलं, माझ्या राज्यासकट. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग एकदम थांबली. "म्हणजे बोहनी त्या बाईनं केली. तुमची कीव आली म्हणून."

"मलेही तसंच वाटलं. जाताना इचारलं मी तिले, की तुह्यापुढं तं ढीग होता, मंग आमचे काऊन घेतले?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, माहे विकायचे हायेत. हे घरी खायले नेऊन राह्यली."

बायकोनं रिकामी चुंगडी मांडीवर ओढली. म्हणाली, "पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. मग तिनं मला डॉक्टरला फोन लावायला लावला, प्लास्टर नेमकं कधी काढता म्हणून.