कावळ्याने टाकलेला लसूण

आधीच सांगतो, माझा या असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. नाशकात गंगापूर रोडवरच्या एका क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवतो. भूत दिसलं म्हणणाऱ्याला मी आधी त्याचं वजन विचारतो, मग वेग! तेव्हा पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा… मीही हसलोच होतो.

गेल्या पितृपक्षातली गोष्ट. सासऱ्यांचं पित्तर होतं, म्हणून बायको वैशाली आणि मी सटाण्याला सासुरवाडीला गेलो होतो. गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानावर वाढायचं ही तिथली रीत. सासऱ्यांचा जीव होता सासूबाईंच्या तेलातल्या लसणावर. त्यांना बीपी, म्हणून त्यात मीठ चिमूटभर… ॲसिडिटी, म्हणून लिंबू अजिबात नाही. लसूण जरासा वाफवायचा, तेलात बुडवायचा, बरणीचं झाकण गच्च लावायचं आणि फडताळात ठेवून द्यायचा. सासरे गेले तरी सासूबाईंची कृती तीच राहिली.

गच्चीवर पान ठेवलं आणि कावळा लगेच आला. सगळे खूश! खीर खाल्ली, वडा खाल्ला, भजी तर उचलून नेली आणि पुन्हा आला. मग त्याने लसणाची एक पाकळी चोचीत धरली… आणि परत पानावर ठेवली. चोच कठड्यावर घासून घासून पुसली. बाकी पान चाटूनपुसून साफ, लसूण तेवढा तसाच.

सासूबाईंचा चेहरा पडला. मी म्हणालो, "अहो, पक्षी आहे तो! त्याला काय कळतंय?" आणि बरणी पुढे ओढली.

"जावईबापू, नका खावा ते. त्यासले नको शे." म्हणजे सासऱ्यांना नको आहे.

आता फिजिक्सच्या माणसाने कावळ्याचं ऐकायचं? भाकरीबरोबर मी चांगला वाटीभर लसूण हाणला. चव एक नंबर! बाकी कुणी बोटसुद्धा लावलं नाही. संध्याकाळी सासूबाईंना सोबत घेऊन आम्ही नाशकाला परतलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैशाली मला काहीतरी महत्त्वाचं सांगत होती आणि माझ्या पापण्या आपोआप खाली येऊ लागल्या.

"अहो, मी बोलतेय आणि तुम्ही चक्क डोळे मिटताय?"

मी बोटांनी पापण्या वर धरल्या, तर समोर दोन वैशाली, दोघीही चिडलेल्या! "झोप नाही गं" म्हणायला गेलो, तर जीभ अशी जड की नुसतं "ओफ आही" बाहेर पडलं. तिने जवळ येऊन माझं तोंड हुंगलं. मागे दोन सासूबाई देव आठवत उभ्या होत्या.

हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत मान धरवेना आणि श्वास तोकडा पडू लागला. कुणी अर्धांगवायू म्हणे, कुणी आणखी काही. खरं सांगतो, मी मरणाचा घाबरलो होतो. डोकं मात्र लख्ख चालू होतं, सगळं ऐकू येत होतं. भेटायला आलेल्या मावशी तर "स्वभावाने चांगला होता हो" म्हणून गेल्या. होता!

तेवढ्यात सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "डॉक्टरबाई, कावळानी नही खादं, ते यासनी खादं!"

"आई, गप्प बस ना!" वैशाली लाजून म्हणाली. पण डॉक्टरबाई वळल्या.

"थांबा. काय नाही खाल्लं कावळ्याने?"

मग बरणीचा विषय निघाला, चिमूटभर मिठाचा निघाला, न घातलेल्या लिंबाचा निघाला. डॉक्टरांनी समजावलं. मातीतला एक जंतू लसणाला चिकटून येतो. तेलाखाली हवा नाही, वर मीठ नावालाच, आंबट नाही, म्हणजे त्याला रान मोकळं. तो जे विष तयार करतो, त्याने नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. पापण्यांपासून सुरुवात आणि मग खाली छातीपर्यंत. बोट्युलिझम म्हणतात त्याला, फार दुर्मिळ. त्यावरचं इंजेक्शन नाशकात मिळेना, फोनाफोनी करून बाहेरून आणलं. कित्येक दिवस माझा श्वास मशीन घेत होतं.

बरा झाल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, कावळ्याला वास आला असेल का? त्या म्हणाल्या, या विषाला वास नसतो, चवही नसते. मग वाटलं, कावळ्यांना लसूणच आवडत नसेल. गच्चीत मीठ-लिंबू घातलेला ताजा लसूण ठेवला. पाच-सहा कावळे भांडून भांडून खाऊन गेले!

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. माझ्या आजारपणात स्वतःला दोष देऊन देऊन त्या निम्म्या झाल्या होत्या. मी म्हणालो, "तुमची काही चूक नाही. पण त्या दिवशीच्या कावळ्याचं कोडं काही सुटत नाही बघा."

त्यांनी पदराने डोळे टिपले.

"जलमभर त्यासनी मन्हा हातनं काहीच टाकं नही, जावईबापू. पहिलांदाच टाकं… ते बी तुम्हनासाठे."

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा… फक्त सासूबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका.