चादरीवरचं डुक्कर

आमच्या भावजींना बंदूक चालवता येत नाही. हे मी वस्तीवर चारचौघांत बोलले आहे आणि इथेही लिहून ठेवते. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे चुलतभाऊ, बांधाला बांध लागून राहणारे. त्यांच्याकडे वाडवडिलांच्या वेळची दुनळी बंदूक आहे, पीक राखण्याच्या परवान्याची. राहुरीपासून बरंच आत, डोंगराच्या पायथ्याला आमची वस्ती. एवढ्या टापूत बंदूक ती एकच, त्यामुळे माणसाला जेवढा माज चढायचा तेवढा चढलेला.

दसऱ्याला ती बंदूक पाटावर येते. हळदकुंकू, झेंडूचा हार, आपट्याची पानं. मग भावजी अंगणात उभे राहून आभाळाकडे एक बार काढतात आणि जमलेली माणसं माना डोलावतात, "काय आवाज हाय." आमच्याकडे बंदुकीची पारख एवढीच. आवाज मोठा, म्हणजे बंदूक भारी. अलीकडे तर तो आणखी वाढलाय असं सगळे कौतुकाने म्हणायचे आणि भावजी मिशीवरून हात फिरवायचे. छर्रे नेमके कुठे जातात हे विचारायची पद्धत नव्हती.

डुकरं पारनेरच्या बाजूच्या डोंगरातून उतरतात आणि मका लोळवून जातात. दोन वर्षांपूर्वी वनखात्याची परवानगी घेऊन भावजींनी आमच्या मक्यात दिवस मावळायच्या आधी बार टाकला. डुक्कर पळालं. "लागलंच न्हाई," असं सांगून ते घरी जाऊन जेवले. लागलं होतं. पोटाला छर्रे घेऊन ते डुक्कर आमच्याच मक्यात पडून राहिलं आणि सकाळी माझा नवरा पाणी द्यायला गेला तेव्हा त्याच्यावर धावून आलं. मांडी पार उसवली. पाय वाचला, पण आखडला. आता चालताना तो एका बाजूला झुकतो आणि उकिडवं बसता येत नाही म्हणून कांद्याच्या लागणीला बांधावर उभा राहतो.

मला भावजींचा तेव्हापासून तिटकारा आहे. साधा राग नाही, तो विरतो. त्यांचा खाकरण्याचा आवाज आला तरी माझ्या हातातलं भांडं आपटलं जातं. नवऱ्याचं मात्र भलतंच. "जनावराचा काय भरवसा. त्यो काय मुद्दाम करल का? माझ्या अंगाखांद्यावर वाढलाय." दवाखान्यात टाके घालून पडलेला असतानाही हेच. मला भावजींइतकाच त्याच्या या चांगुलपणाचाही संताप यायचा.

यंदा मका भरला आणि डुकरं पुन्हा लागली. परवानगी पुन्हा आली. भावजी ओट्यावर बसून चहा पीत म्हणाले, "दादा, परवा तू त्या अंगानं हाकल, मी ह्या अंगानं नेम धरतो." आणि माझा लंगडा नवरा "व्हय" म्हणाला.

मी त्या दिवसांत मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. परदेशात टर्कीची शिकार करतात. टर्की म्हणजे तो लाल गळ्याचा, मोठ्या कोंबड्यासारखा पक्षी. आपल्याकडे काही जण हौसेने पाळतात. तिकडचा तो माणूस शिकारीला जायच्या आधी एका मोठ्या कागदावर टर्कीचं मुंडकं काढतो, कागदावर बार टाकतो आणि जवळ जाऊन भोकं बघतो. छर्रे विखुरले तर काडतूस बदलतो, नळीच्या तोंडाला बसवायचं आवळतं टोक बदलतो, पुन्हा मारतो. सगळे छर्रे मुंडक्याभोवती गोळा होईपर्यंत त्याचं हेच चालू. भाषा मला कळली नाही, पण भोकं कळली. एका पक्ष्यासाठी माणूस एवढी खबरदारी घेतो, आणि इथे माझा नवरा मक्यात उभा करायचा तर कुणी साधा कागद लावत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक जुनी पांढरी चादर काढली, तिच्यावर चुलीतल्या कोळशाने डुक्कर काढलं आणि नाल्याच्या उंच मातीच्या काठापुढे दोन बांबूंना ताणून बांधली. भावजी आले, त्यांची बायको आली, वस्तीवरची चार रिकामी माणसंही आलीच.

"भावजी, आधी ह्याच्यावर मारून दाखवा. मंग मक्यात शिरायचं," मी म्हणाले.

"आता चादरीची शिकार करायची का वयनी?" माणसं हसली. डुक्कर बरंच गाढवासारखं झालं होतं, तेही कुणीतरी बोललं. मी म्हणाले, "गाढव तर गाढव. लागतंय का तेवढं बघू."

नवरा ओशाळून माझ्याकडे बघत होता. "आगं, कशाला," एवढंच म्हणाला.

भावजींनी एरवी डुकरावर धरतात तेवढ्या अंतरावरून ऐटीत नेम धरला. बार झाला, कानठळ्या बसल्या, आणि कुणीतरी सवयीने म्हणालं, "काय आवाज हाय." आम्ही चादरीपाशी गेलो. भोकं वरच्या कोपऱ्यात होती, बांबूवर होती, खाली मातीत होती. डुकराच्या शेपटीशी एक भोक होतं, पोटाला एक. छातीपाशी चादर धुतल्यासारखी कोरी.

भावजी म्हणाले, काडतूस जुनं आहे. नवं घातलं. दुसऱ्या नळीने मारलं. तीच गत, उलट बांबूचा टवका उडाला. मग म्हणाले, वारं आहे. वारं नव्हतं, झाडाचं पान हलत नव्हतं.

मी बंदुकीजवळ गेले. नळ्यांच्या तोंडाची कड खडबडीत होती आणि तिच्यावर कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. व्हिडिओतला माणूस पुन्हापुन्हा त्याच तोंडाकडे बोट दाखवत होता. तिथे नळी किंचित आवळलेली असते, म्हणून छर्रे एकत्र जातात. इथे ते तोंडच नव्हतं.

"भावजी, नळ्या कापल्या का तुमी?"

उत्तर त्यांच्या बायकोने दिलं, अगदी सहज. "कपाटात बसत न्हवती ना. दारच लागंना."

"परवान्याची बंदूक कुलपात ठेवाया लागती," भावजी म्हणाले. "मंग चार बोटं कमी केली. गेट बनवतो त्याच्याकडून कापून घेतली. लई चांगली घासून दिली त्यानं. उलट आवाज वाढला."

सगळ्या वस्तीने माना डोलावल्या होत्या तो आवाज असा वाढला होता. मला हसू आलं नाही.

नवरा पुढे आला. त्याने विचारलं, "कपाट कवा आणलं?"

भावजींनी बायकोकडे पाहिलं. तिला आता कुठे कळलं होतं काय विचारतायत ते. तिने पदर तोंडाला लावला. "त्याच साली," भावजी म्हणाले. "उन्हाळ्यात."

डुक्कर त्यानंतर आलं होतं, पावसाळ्यात.

नवरा वळला आणि झुकत झुकत चादरीकडे चालू लागला. मला वाटलं, चादर सोडून आणतोय. पण तो चादरीच्या शेजारी, मातीला पाठ लावून उभा राहिला. हाकारताना डुकरापासून जेवढ्या अंतरावर असतो, बरोबर तेवढ्यावर.

"मार आता," तो म्हणाला.

हे मला नको होतं. मला फक्त चादर फाटायला हवी होती. मी धावले, पण त्याने हाताने मला लांबच थांबवलं.

"दादा, बाजूला हो," भावजी म्हणाले.

"का? उद्या मक्यात हितंच असनार हाय की मी."

"आरं पर छर्रे कुठं जात्याल, मला काय म्हाईत?"

"मंग उद्या मला कशाला न्यायचं हुतं?"

त्याचा आवाज चढलेला नव्हता. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण कुणाकडे असं बघताना मी त्याला पाहिलेलं नाही. भावजींनी बंदूक मोडून काडतुसं बाहेर काढली. एक हातातून निसटून गवतात पडलं, ते शोधायला खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. चार रिकामी माणसं एकेक करून घरी गेली.

त्या दिवसापासून भावजी आमच्या ओट्यावर आलेले नाहीत. नवऱ्यानेही त्यांना बोलावलेलं नाही. डुकरं रोज येतात. आम्ही दोघं डबे वाजवून हाकलतो, तरी अर्धा मका गेलाच, पण डुकरांचा मला राग येत नाही.