चादरीमागचा चेलो

पुण्यात मी चार वर्षं चेलो शिकत होते आणि हसनाबादजवळच्या आमच्या गावात बाबा सांगत होते, पोरगी बीएड करून राह्यली. मला वाजवताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. म्हणून यंदा हरिनाम सप्ताहात देवळात वाजवायला मी वाद्यच एसटीत घालून गावी आणलं. आता तरी पाहतील, एवढीच आशा होती.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसायचं, वाद्य दोन गुडघ्यांत धरायचं, त्याची खालची दांडी जमिनीवर टेकवायची आणि गज ओढायचा. गावाला यातल्या नेमक्या दोन गोष्टी खटकल्या: जमीन आणि गुडघे.

सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. मग तारांचं दुसरं वाद्य देवळात भुईला टेकणार कसं, यावर मंडळींनी चहाच्या दोन फेऱ्या घालवल्या. शेवटी दांडीखाली पाट द्यायचं ठरलं. वर चेलोला हळदकुंकू लागलं आणि तारांत झेंडूचा हार अडकला. तो सोडवता सोडवता माझ्या नाकी नऊ आले.

गुडघ्यांचा प्रश्न मात्र पाटानं सुटेना.

"बाईमाणसानं असं बसायचं म्हंजे..." एवढं बोलून सप्ताहाचे कारभारी थांबले. सज्जन माणूस. माझ्या पायघोळ सलवारीकडे तेवढं बघत राहिले.

"काका, म्हशीची धार काढताना बाया बादली कुठं धरतात?" मी विचारलं.

"ती बादली हाय, बाई. ही कला हाय."

तोडगाही त्यांनीच काढला. लग्नातल्या अंतरपाटासारखी दोन काकूंनी माझ्यासमोर चादर धरायची. ऐकायला कुणाची हरकत नव्हती. बाबा तिथंच बसले होते, मान खाली घालून. मला त्यांचा भयंकर राग आला.

दुपारी भजनाआधी मी चादरीमागं बसले. पलीकडे अख्खं गाव आणि गळ्यात वीणा घेऊन उभे असलेले बाबा, कारण ती पाळी त्यांची होती. मी आमच्याच गावच्या भजनाची चाल धरली. दोन ओळी झाल्या असतील, तोच बाबा चादरीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि समोर उभे राहिले.

"वीणेकरी कुठं गेले?" पलीकडून कारभारी ओरडले.

"हितंच हाय," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पोरीला बघून राह्यलो."

बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. एका हातात वीणा, दुसऱ्या हातात चिपळ्या, पुसायला हात मोकळा नव्हता. माझेही दोन्ही हात गुंतलेले होते. मी वाजवत राहिले.